त्र्याहत्तर म्हणजे काय

डुलुथ
१२ मार्च, रविवार

प्रिय सिग्नी,

तुझा निरोप मिळाला. "मावशी, आतड्याच्या तपासणीचं बिल आलंय. कोडच्या पुढे ७३ लिहिलंय, ते काय? त्यांनी काहीच केलं नाही, मग पैसे कशाचे? फक्त बिलाबद्दल विचारतेय." एवढाच होता, पण वर्षाने आला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

इथे सरोवरावरचा बर्फ अजून हललेला नाही. माझा गुडघा बरा आहे.

बिल बरोबर आहे. पहिले पाच आकडे तपासणीचे. पुढचे दोन म्हणजे मॉडिफायर. ठरल्यापेक्षा काय वेगळं घडलं ते सांगणारे. त्र्याहत्तर म्हणजे तयारी झाली, पेशंटला खोलीत नेलं आणि गुंगीचं औषध देण्याआधी काम थांबलं. औषध दिल्यावर थांबलं असतं तर चौऱ्याहत्तर. खोली अडली, माणसं खोळंबली, म्हणून त्यांना साधारण निम्मे मिळतात. का थांबलं, कोणी थांबवलं, हे त्या आकड्यात नसतं. दिवसभर असेच कोड लावणारी मीही ते विचारत नाही.

एक मात्र आहे. अशी राहून गेलेली तपासणी विमा कंपन्या सहसा झालेली धरत नाहीत. पुन्हा गेलीस तर ती पहिलीच.

बिलाचं उत्तर इथे संपलं. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

तुझ्या आईला याच तपासणीला मीच नेलं होतं. आदल्या दिवशी जेवण बंद, रंगीत काही खायचं नाही; लिंबाची पिवळी जेली खाताना आर्डिथ म्हणाली, "लाल चालत नाही, जांभळी चालत नाही. पास्टरबाईंपेक्षा कडक आहेत हे लोक." सकाळी गाडीत म्हणाली, "आता माझ्या आतड्याला नंबर तू देणार?"

"नाही गं. घरच्यांची फाइल मला बघता येत नाही. ती शेजारच्या टेबलावर डेल्बर्टकडे जाते."

"मग त्याला सांग, जरा बरा नंबर दे."

तिच्या कोडपुढे डेल्बर्टला कोणती अक्षरं लावावी लागली असतील ते मला न बघता माहीत आहे. सुरुवात नेहमीच्या तपासणीसाठीच झाली होती, पुढे दुसरं काही निघालं, असा त्यांचा अर्थ. मी ती रोज लावते. त्या महिन्यात मात्र माझ्या वाटच्या तसल्या फाइली डेल्बर्टने आपणहून स्वतःकडे ओढून घेतल्या.

आर्डिथच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात तू म्हणालीस, "तुला आधीपासून माहीत होतं. सहा आठवडे तू माझ्याशी हवेबद्दल बोललीस, मावशी." मी कप पुसत राहिले. उत्तर होतं, पण सगळी मंडळी सँडविच खात उभी होती.

ते असं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकदमच सांगितलं. गाठ मोठी आहे, तुकडा तपासायला पाठवलाय, पण लक्षण बरं दिसत नाही. गुंगीत ते तिच्या डोक्यात राहिलं नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "काही निघालं का?" मी सांगितलं. म्हणाली, "सिग्नीला इतक्यात सांगू नकोस. तिची नर्सिंगची परीक्षा होऊ दे." मग तिचा डोळा लागला. पुलापाशी जागी झाली. "काय म्हणाले गं डॉक्टर?" मी पुन्हा सांगितलं. घराच्या दारात पुन्हा एकदा. दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकत होती, आणि दर वेळी तिच्या तोंडून आधी तेच आलं. सिग्नीला इतक्यात नको.

त्यानंतर मला दुसरं काही करता आलं नाही.

घरी न्यायला कोणी असल्याशिवाय ते गुंगी देत नाहीत, हे तुला माहीतच आहे. मागच्या वेळी तुझ्यासोबत कोण होतं ते मला ठाऊक नाही. पुढच्या वेळी मी येते. बोलायलाच हवं असं नाही. मधेच उठून बाहेर आलीस तर तशीच घरी आणेन; पुन्हा त्र्याहत्तर लागेल, लागू दे. आणि नाही उठलीस, तर डॉक्टर जे काही सांगतील ते, घर येईपर्यंत, जितक्यांदा विचारशील तितक्यांदा सांगेन. हवेबद्दल बोलणार नाही.

तुला घरी आणायला येणारी,
मार्लिस मावशी