डावी बॅटरी कुणाशी बोलत होती

प्रिय अप्पा,

आज सकाळी तुमच्या नंबरवरून मला मेसेज आला. मी चहा गाळत होते आणि फोनवर 'अप्पा' असं नाव उमटलं. गाळणी तशीच हातात राहिली. कुणी पाठवला असेल हे लगेच लक्षात आलं, पण त्याआधीचा तो एक क्षण होताच. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामावरून परत आल्यावर नेहमीसारखी डायरी उघडली, तर तारखेखाली पहिला शब्द 'अप्पा' असाच आला. म्हणून आज डायरी राहू दे. मेसेजात काय होतं ते शेवटी सांगते. आधी कालचा रविवार सांगायला हवा.

आणि त्याच्याही आधी तुमच्या बॅटऱ्या!

आठवतात का जिन्याखालच्या त्या जुन्या, ॲसिडच्या? दुकान बंद असलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून नरसाळ्यानं त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचात. तुमची एकही लुंगी भोकाशिवाय राहिली नव्हती. म्हशीसुद्धा एवढं पाणी पीत नाहीत, असं आई म्हणायची. मग तिच्या छातीचं दुखणं वाढलं. लातूरच्या डॉक्टरांनी रात्री झोपताना ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. आपल्या चाकूरची लाईट कधी जाईल याचा काय भरवसा! तुम्ही जुन्या काढून दोन लिथियमच्या बॅटऱ्या आणल्या. पाणी नाही, वास नाही, आवाज नाही. तुम्ही जिन्याखाली जाऊन नुसतेच बघत उभे राहायचात. "ह्यांना काहीच लागत न्हाई, मग मी करू काय?" असं मला फोनवर म्हणालात, आणि आवाजात खरंच दुःख होतं.

मग लातूरच्या इरफानभाईंनी, ज्यांनी आपलं सोलार बसवलं त्यांनीच, तुमच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं. तारेशिवाय बॅटरीच फोनला सांगते, किती भरली, किती उरली. तुम्हाला उद्योग मिळाला. एकीचं नाव ठेवलंत डावी, दुसरीचं उजवी. रोज सकाळी मला पडद्याचा फोटो पाठवायचात. मी अंगठ्याचं चित्र पाठवून कामाला लागायची. कधीतरी दोन शब्द लिहायला हवे होते, नाही?

हिवाळ्यात तुम्ही गेलात, लिंगैक्य झालात, आणि ते फोटो थांबले.

घरात राहिली आई, तिचं मशीन आणि जिन्याखालच्या डावी-उजवी. मी म्हणाले, नांदेडला माझ्याकडे चल. तिथं दिवसभर दार लावून बसायला मी काय कुलूप आहे का, असं तिनं विचारलं. तिची बाजू मला पटत होती. पण रात्री लाईट गेली आणि बॅटरीत काही उरलंच नसलं तर? शेवटी आमच्यात ठरलं, बॅटऱ्या मला नांदेडहून दिसायला हव्यात. "दिसल्या तर राहती, न्हाई दिसल्या तर येती," आई म्हणाली. शब्दाला ती किती पक्की आहे, तुम्हाला काय सांगायचं!

बॅटरीचं ब्लूटूथ घराबाहेर पोचत नाही. म्हणून इरफानभाईंनी सांगितला तसा एक डबा मी मागवला होता, साबणाच्या वडीएवढा. तो बॅटऱ्यांचं ऐकून घेतो आणि वायफायवरून पुढं पाठवतो. मग छतावरचं ऊन, घरातला वापर, बॅटऱ्या, सगळं कुठूनही फोनवर बघता येतं. काल सकाळच्या बसनं तो डबा पर्समध्ये घालून मी चाकूरला गेले.

डब्याला सापडलेल्या बॅटऱ्यांची यादी माझ्या फोनवर उघडली. उजवी लगेच सापडली. डावी काही केल्या सापडेना.

माझ्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं. डबा जवळ नेला, लांब नेला. मग डावीचा खटका पाडला, तर यादीतून गेली उजवी! अप्पा, समोर उभं राहिल्यावर जी डावीकडे दिसते तिला तुम्ही उजवी कसं म्हणालात? आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ते गादीवर बसल्यागत बघायचे. गिऱ्हाइकाच्या बाजूनं नव्हं." जन्मभर भांड्यांच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसाची डावी! मी एकटीच जिन्याखाली हसत बसले.

मग खरी डावी बंद करून चालू केली. यादीत तिचं नाव क्षणभर आलं आणि गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इरफानभाईंना फोन लावला.

"मॅडम, ती एका टायमाला एकाशीच बोलती," ते म्हणाले. "दुसऱ्या मोबाईलला जोडलेली असंल तर डब्ब्याला कशी सापडंल? घरात अजून कुणाचा फोन हाय का?"

"आईचा आहे, पण साधा, बटणांचा. बाकी कुणी नाही."

बाकी कुणी नाही. किती सहज म्हणाले मी!

दुपार कलली. संध्याकाळची नांदेडची गाडी चुकवून चालणार नव्हतं. मी आईला म्हणाले, थोड्या दिवसांसाठीच चल, इरफानभाई येऊन बघतील, मग पुढचं ठरवू. कपाटावरची बॅग काढून तिनं झटकली. दोन पातळं ठेवली, औषधं ठेवली आणि मशीनची नळी गुंडाळायला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी दारात उभी राहून स्वतःला विचारत होते, हे मी तिच्या जिवासाठी करतेय, की माझी झोप नीट लागावी म्हणून?

मग ती देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, महादेवाला सांगून निघतेय. आली तेव्हा तिच्या हातात तुमचा फोन होता.

"ह्याच्याशी तर बोलत नसंल ती?"

फोन चालू होता, अप्पा! तुमच्या फोटोखाली, विभूतीच्या डबीशेजारी तिनं तो कायम चार्जिंगला ठेवलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्जही करून आणते. देवघराची भिंत म्हणजे जिन्याचीच मागची बाजू. काचेवर विभूतीची बोटं उमटली होती. तिनं तुमचा आकडा घालून फोन उघडला, तर समोर डावी. ॲप उघडलं की आपोआप तीच जोडली जाईल असं तुम्हीच करून ठेवलं होतं, आणि ॲप बंद करायचं असतं हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रोज बघती की मी," ती म्हणाली. "सकाळी मशीन बंद केलं की किती उरली ते. पूजा झाली की त्यांना सांगती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलीस? तुला वाटलं, म्हातारीला काय कळतंय."

तसं वाटलं होतं का मला? वाटलं होतं.

इरफानभाईंना पुन्हा फोन केला. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, एवढंच काम, असं ते म्हणाले. मी हात पुढे केला, पण आईनं फोन दिला नाही.

"बंद केलं तर मला परत दिसंल का?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मला नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून फोनचा आवाज मोठा करून, तिच्यासमोरच इरफानभाईंना विचारलं.

"अम्मा, अप्पांचं ॲप काढू नका, राहू द्या तसंच," ते म्हणाले. "बाजूला नवं टाका. त्यात दोन्ही बॅटऱ्या दिसत्याल. तुम्हाला बी, मॅडमला बी."

आईनं जरा विचार केला. मग देवघराच्या दारातून तुमच्या फोटोकडे बघून "सोडती हं," इतकंच म्हणाली आणि स्वतःच्या बोटानं ब्लूटूथ बंद केलं.

यादीत उजवीच्या खाली डावी आली. आली आणि राहिली.

माझे डोळे भरून आले होते, पण आईनं तेवढी सवड दिली नाही. पातळं चुरगळायच्या आत कपाटात ठेव म्हणाली. बॅग मी रिकामी केली. तुमच्या फोनवर नवं ॲप टाकलं, पडद्याचा फोटो काढून कसा पाठवायचा ते दाखवलं. मी निघताना तिनं एक अट घातली. ॲपमधली बॅटरीची रेष जरा खाली गेली की लगेच फोन करायचा नाही. "मिक्सर लावला तरी खाली जाती ती. मग चटणी वाटायची का न्हाई मी?"

बसमध्ये मी एकदा ॲप उघडलंच. वापराची रेष एकदम वर उडाली आणि लगेच खाली आली. चटणी! हसले, आणि मग वाटलं, दाराच्या फटीतून घरात बघतोय आपण. फोन पर्समध्ये टाकला. मशीनपुरतं बघायचं की तिच्या सगळ्या दिवसावर नजर ठेवायची, हे ठरवणं माझ्याच हातात आहे, नाही का?

आता आजचा मेसेज. पडद्याचा फोटो, दोन्ही बॅटऱ्या भरपूर. रात्री दोनदा लाईट गेली होती म्हणे, मशीन एकदाही थांबलं नाही. खाली माईकमध्ये बोलून तिनं लिहिलंय: "डावी बरी हाय. उजवी बरी हाय. मी बी बरी हाय. तू जेवून जा कामावर." तुमचं नाव बदलून तिथं 'आई' करू का, असं मी फोन करून विचारलं. नको म्हणाली, नंबर त्यांचाच हाय.

अप्पा, माझा शब्द घ्या. रोज सकाळी आधी तुमच्या नंबरची वाट बघेन, मगच ॲप उघडेन. मेसेज आला नाही तर फोन करेन, उचलला नाही तर पहिली बस पकडेन. आणि उत्तरात आता अंगठा नाही, दोन ओळी तरी लिहीन. आजच्या लिहिल्यात. तुमच्या फोनवर आहेत, आई वाचून दाखवेल.

तुमची,
नंदा