एका माणसाचं वरण

चि. प्रियदर्शनीस,

कुंभार पिंपळगावहून धम्मपाल मामाचा सप्रेम जय भीम. तुझी तब्येत बरी असेल, घसाही (मंठ्याच्या शाळेत तू शिकवतेस त्या सातवीच्या पोरांनी तो शिल्लक ठेवला असेल तर). ताई आणि दाजी मजेत असतील. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच माझ्या चुका काढतेस, म्हणून पत्र.

पोरी, तुझे उपकार कसे फेडावेत कळत नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या भावाच्या लग्नात माझं वरण कमी पडलं, दाजींच्या पाहुण्यांनी कोरडा भात खाल्ला, आणि तेव्हापासून पंगतीच्या चुलीपाशी मला कुणी उभं करेना. तीस वर्षं मुठीच्या अंदाजावर स्वयंपाक केला (मूठ तेवढीच राहिली, जेवणारे वाढले) आणि एका दुपारीत नाव गेलं. विहाराच्या वर्धापनदिनाची चारशे माणसांची पंगत मिळाली, तीही समितीच्या बुद्धभूषणला दुसरा कुणी सापडला नाही म्हणून. तेव्हा तू रविवारी येऊन दहा जणांचं वरण करायला लावलंस आणि डाळ आधी तोललीस. सहाशे ग्रॅम. म्हणजे एका माणसाला साठ. आधी एकाचं काढा मामा, मग कितीचंही निघतं, असं म्हणालीस. चारशेंना चोवीस किलो! इतकं सरळ मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. मी इतका खूश झालो की दिसेल त्याचं एकाचं काढत सुटलो.

कांद्यापाशी घात झाला. पोतंभर कांदे चिरायला दोन बाया असल्या की दोन तास लागतात, हा माझा जुना अनुभव. म्हणजे एका बाईला एक तास. त्या दिवशी आठ जणी विळ्या घेऊन आल्या. मी हिशेब केला, आठ तास! इतका वेळ कुणाला आहे? सहा जणींना हात जोडून घरी पाठवलं. मग वाटलं, आणखी एकीला पाठवलं तर तासातच काम उरकेल. तिलाही पाठवलं. उरली तुझी मामी. तासाने पाहतो तर पोतं जवळपास तसंच, आणि मामीचे डोळे लाल (कांद्याने किती आणि माझ्यामुळे किती, ते विचारायची हिंमत झाली नाही). ती एवढंच म्हणाली, "मी बी घरी जाते मंग. कुणीच न्हाई राह्यलं की कांदे आपोआप चिरतेत काय?" मी पळत जाऊन सगळ्या जणींना परत आणलं. अर्ध्या तासाच्या आत पोतं मोकळं.

पण वरण! शेवटच्या पंगतीपर्यंत पुरलं. बुद्धभूषण पातेल्यात वाकून बघत म्हणाला, "मामा, बिलकुल बराबर!" मी तोंड धुवायच्या निमित्ताने हौदामागे गेलो आणि थोडा रडलो. हे सगळं तुझ्यामुळे.

तुझा मामा,
धम्मपाल

ता. क. वरण बराबर चारशेंनाच पुरलं. रांधणाऱ्या आम्हा दहा जणांना मी मोजलंच नव्हतं. घरी मामीने खिचडी टाकली. एका माणसाला किती तांदूळ घेतेस, असं विचारलं, तर म्हणाली, "गप बसा."

ता. क. दुसरा. तुझ्या लग्नाचं जेवण दाजी जालन्याच्या केटररला देणार, असं कानावर आलं. मीच त्यांना विचारलं असतं, पण ते नाही म्हणाले तर तुझ्या लग्नात माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. तू विचार. तुला ते नाही म्हणत नाहीत.