बाईंचा आवाज

प्रिय आई,

तुला जाऊन आठवडा झाला. तीन वर्षं अंथरुणाला खिळली होतीस, त्यामुळे मनाची तयारी होती. पण आज नर्सताई म्हणाल्या, "बाईंना शेवटचं वर्षभर बोलता येत होतं की! हळू, पण स्पष्ट."

शाळेत तुझ्या आवाजानं मुलं चळचळ कापायची आणि घरात मी. अर्धांगवायूनं तुझी वाचा गेली तेव्हाच मी उशाशी बसून सगळं सांगू लागले, अगदी माझ्या मोडलेल्या लग्नाबद्दलही.

"मग माझ्याशी का नाही बोलली ती?"

"म्हणायच्या, मी तोंड उघडलं की ओरडणार, आणि पोरगी पुन्हा गप्प होणार."

आई, एकदा तरी ओरडायचं होतंस गं.

तुझी धाकटी