इरप्पामामांची शिवी

मंगळवार, दिवेलागणीची वेळ. वडगाव.

मागावर सूत घेऊन धावणारा धोटा माझ्यापुढं टेबलावर पडलाय. टोकाच्या लोखंडावर आप्पांचं रक्त वाळलंय.

शेजारच्या इरप्पामामांच्या मागानं आमची सामाईक भिंत हादरते. त्यापायी आप्पांचं नि त्यांचं भांडण जुनंच. माझं पीएचडीचं गणितसुद्धा त्यावरच उभं होतं: पुढचं वाक्य कोण कुठल्या भाषेत बोलेल, याची शक्यता. आप्पा मराठी, पण शिवी कन्नडमधनं. मामा कन्नड, पण शिवी मराठीतनं. समोरच्याला त्याच्या आईच्या भाषेत झोंबली पाहिजे न्हवं? किती सुंदर नमुना!

आज मामा पहिल्यांदाच कन्नडमधनं शिव्या द्यायला लागले. माझा अंदाज चुकला आणि मी मूर्ख, खूश झाले! अपवाद सापडला म्हणून लिहीत बसले. तेवढ्यात त्यांनी धोटा भिरकावला. आप्पांचं कपाळ फुटलं.

स्वतःच्या भाषेत शिवी देणारा समोरच्याशी बोलतच नसतो. बोलणं संपलेलं असतं, उरतो तो हात. एवढं साधं मला का दिसलं नाही? लिहीत काय बसले मी?

आप्पा टाके घालून आलेत, आतल्या खोलीत आहेत. आई म्हणाली, "जाऊ द्या की ओ, शेजारी हायत."

"तू गप गं!" आप्पा आतनं ओरडले.

मग परत मामांना शिव्या. मघापासून कान देऊन ऐकतेय. एकही कन्नड नाही. सगळ्या मराठीत.

उठले. बाहेरच्या दाराला आतनं कुलूप घातलं. धोटा कपाटात लपवला.