कप्तानाचं नाक

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून रुसलेलाच आहे? तेल लावता ना? (लावत नसणार हे ठाऊक आहे, पण विचारणं माझं काम.) आम्ही दोघं इथे समुद्रकाठी सुखरूप आहोत. म्हणजे आज आहोत. परवा दुपारी विचारलं असतंत तर हे वाक्य लिहिता आलं नसतं.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून तुमचे भाऊ कसे झाले होते, ते तुम्ही पाहिलंच आहे. सकाळी उठून खिडकीशी बसायचं आणि "आता आम्हाला कोण विचारतंय?" म्हणायचं. एरवी बोलणं नाही, हसणं नाही. एकदा कंटाळून माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. (मीठ सापडेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.) म्हणून मी त्यांना हवापालटासाठी इकडे ओढून आणलं. आता जन्मभर लोकांना पाणी पुरवलेला हा माणूस स्वतः पाण्याला किती भितो, हे तुम्हाला मी काय सांगावं? वाळूत बसून लाटांकडे असे बघायचे, जणू त्या आपल्याकडेच तक्रार घेऊन येतायत.

तर एका दुपारी ऊन सोसेना, म्हणून बंदराजवळच्या एका जुन्या गोदामात शिरलो. आत गावाच्या इतिहासाचं संग्रहालय. दोन खोल्या, गंजलेला नांगर, विरलेली जाळी, मधोमध एक म्हातारी लाकडी होडी, आणि एक पितळी भोंगा. भोंग्यावर "वाजवू नये" अशी पाटी होती, म्हणून ह्यांनी तो वाजवला. आतून संग्रहालयाच्या बाई तावातावाने आल्या, ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजल्या. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एका कप्तानाचा फोटो होता. फार पूर्वी वादळात ह्याच होडीतून जाऊन त्याने बुडत्या जहाजावरची माणसं वाचवली म्हणे. त्याचं नाव आता कुणालाच माहीत नाही, पण नाक सगळ्या गावाला पाठ आहे. मध्यावर गाठ, आणि तिथून वाट चुकल्यासारखं डावीकडे वळलेलं. वन्सं, शपथेवर सांगते, अगदी ह्यांचंच!

"तुम्ही कप्तानांचे कोण?" बाईंनी विचारलं.

"छे हो, कोणी नाही," हे म्हणाले. पण मग फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि घसा खाकरून म्हणाले, "तसे आमचे एक चुलतपणजोबा घर सोडून गेले होते म्हणतात." (कोण म्हणतात? लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पणजोबा मी पहिल्यांदाच ऐकले.)

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. न्हाव्याने खुर्ची झटकून बसवलं, पाववाला वाकून नमस्कार करू लागला. जन्मभर नाकासमोर चालणारा माणूस, तो आता नाक पुढे आणि स्वतः मागे असा चालायला लागला. हात पाठीशी बांधून आभाळाकडे बघायचे आणि "वारा फिरणार" म्हणायचे. (वारा फिरला नाही.) तेवढ्यात बाई निमंत्रण घेऊन आल्या. होडी डागडुजी करून एकदा पाण्यात सोडायची होती, आणि तिच्यात नगराध्यक्षांबरोबर कप्तानांचे वारस हवे होते! मी ह्यांना कोपऱ्यात नेऊन बजावलं, "नाकापेक्षा मोती जड होतोय. नाही म्हणा." तर हळूच म्हणाले, "अगं, किती दिवसांनी मला कुणीतरी बोलावलंय." मग मी त्यांचा चांगला सदरा काढून ठेवला.

परवा होडी निघाली. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली ती, किनाऱ्यापासून जराशी दूर गेली आणि फळ्यांतून पाणी घेऊ लागली. वल्हेकऱ्यांनी धडाधड उड्या मारल्या. (त्यांना तिथली खोली ठाऊक होती, आत बसलेल्या दोघांना नव्हती.) नगराध्यक्ष, चांगले भारदस्त गृहस्थ, "मेलो, मेलो" म्हणून ओरडायला लागले. मी चपलांसकट पाण्यात धावले. आणि तुमचे भाऊ, चेहरा खडूसारखा पांढरा, त्यांनी नगराध्यक्षांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि किनाऱ्यावर ऐकू येईल असं म्हणाले, "साहेब, घाबरू नका! मी आहे ना!" वन्सं, पोहता येत नाही हो ह्यांना! होडी शांतपणे खाली टेकली. पाणी निघालं कमरेएवढं. दोघे एकमेकांचे हात धरून चालत बाहेर आले, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे आधी शिंकले आणि मग जे हसत सुटले, ते थांबेचनात. असं हसणं मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. मी टॉवेलने त्यांचं डोकं खसाखसा पुसत ओरडत होते आणि रडतही होते. सगळेच खाऱ्या पाण्याने भिजलेले, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावा.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते)
भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. संग्रहालयाच्या बाई तुम्हाला पत्र पाठवणार आहेत, हे नाक तुमच्या घराण्यात पिढीजात आहे का, असं विचारायला. सासूबाईंनी मला सांगितलं होतं की हे जन्मले तेव्हा नाक सरळ होतं, आणि लहानपणी तुम्ही त्यांना झोक्यावरून ढकललंत म्हणून ते असं झालं. ह्यांना बिचाऱ्यांना काही आठवत नाही. तेव्हा कृपा करून "पिढीजात" एवढंच लिहा. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, पण एकदाच.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे मागे येऊन उभे राहिले आणि सगळं वाचून काढलं. म्हणाले, "मला झोका चांगला आठवतोय. ताईला लिही, ढकललंस ते बरं केलंस."