राळेला लागलेला स्पिरिटचा गुण

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (उभ्यानेच लिहितेय, सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे नवरा बोलत नाहीये, बाकी ठीक.

मी तपासतेय त्या झाडाच्या राळेच्या तेलाने खाद्यतेल लवकर खवट होत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलं, म्हणून मी घरच्या बरणीतही थोडं टाकलं. (विचारून टाकायला हवं होतं, मान्य.) महिना झाला, तेल ताजं आहे, पण प्रत्येक भाजीला नव्या कपाटाचा वास येतो. नवरा निमूट जेवत होता. परवा मात्र त्याने ताटाची बिजागरी कुठे आहे ते विचारलं, आणि तेव्हापासून अबोला.

पण खरा घोळ जंतूंचा. तुम्हाला फोन केला त्या दिवशी, जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत राळेच्या थेंबाभोवती कोटाच्या बटणाएवढं स्वच्छ कडं पडलं होतं. म्हणजे तिथले जंतू साफ. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले आणि आमच्या बाईंना (माझ्या कामावर देखरेख त्यांचीच) बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, बशी उजेडात धरली आणि राळ कशात विरघळवली ते विचारलं. स्पिरिटमध्ये, मी म्हणाले.

"मग नुसत्या स्पिरिटचा थेंब कुठे आहे?"

तो कुठेच नव्हता. टाकून बघितला, तर राळेचा पत्ता नसताना तेवढंच कडं. म्हणजे सहा महिने राबून मी राळेच्या नावाने स्पिरिटचं कौतुक केलं. मग स्पिरिट पूर्ण उडवून सगळं पुन्हा केलं. (उडेपर्यंत इतक्या येरझाऱ्या घातल्या की शिपायाने विचारलं, काही हरवलंय का. हो म्हटलं, सहा महिने.) आज कडं आलं, मामा. मसुराएवढं, पण राळेचं स्वतःचं. बाईंनी तीनदा मोजलं आणि वहीत सही केली.

तुमची भाची

ता. क. तरीही जीव थाऱ्यावर नाही, कारण मामींकडून कळलं की माझा फोन ठेवल्या ठेवल्या तुम्ही तुमच्या राळेच्या मलमाच्या दोनशे डब्यांवर 'सर्व जंतूंवर रामबाण, भाचीने तपासलेले' अशी लेबलं छापून चिकटवलीत. मी एकाच जातीचे जंतू तपासलेत, आणि माणूस तर एकही नाही. कुणी चिघळलेल्या जखमेला डॉक्टर सोडून हेच लावत बसलं तर? (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.) एकही डबा दुकानात जाऊ देऊ नका. रविवारी मी येते, दोघं मिळून लेबलं खरवडू.

ता. क. २. एक लेबल तेवढं न फाडता काढा. माझ्या कामाबद्दल काही छापून यायची ही पहिलीच वेळ आहे.