पंधरा की पावणेतेरा

बाबा,

मी कारंज्याले चालली. वाचनालयाच्या कमिटीले नव्या इमारतीचं चित्र आज दाखवायचं हाय. तुमची वाट पाह्यली, पण बस चुकली असती.

कम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा तुमचा हिशोब बरोबरच होता. कागदावर आठ जीबीवालं तेज हाय, सेकंदाले पंधरा लाख कोटी गणितं. बारावाल्याची पावणेतेराच. पण काल दुकानदारानं दोन्ही कार्डं माह्याच फाईलवर चालवून दाखवली. आठवाल्याची मेमरी भरली अन् चित्र अर्ध्यातच अटकलं. बारावाल्यानं वीस मिनिटांत पुरं केलं. मंग तेच आणलं.

"शाळेतलं गणित घरात शिकवू नका, सर," असं म्हणायले नव्हतं पाह्यजे मी. दोन दिवस तुमी बोलले नाही, तर घर खायले उठलं.

भाजी झाकून ठेवली हाय. कम्प्युटर चालूच हाय, चित्र नक्की पाहा. खिडकीपाशी पुस्तक घेऊन एक म्हातारा बसवला हाय. कमिटीतल्या धम्मपालदादाले रातीच फोनवर पाठवलं, तर तो लगेच म्हणे, "अवं रूपा, हे तर आपले गोविंदा सर!"

रूपा